दोर सोडणारा हात

आमच्या घरात कोणी कोणाशी थेट बोलत नसे. बाबाला चहा हवा असला तर तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "तिला सांग, च्या टाक." ती म्हणजे आई, आणि ती तिथेच हाताच्या अंतरावर जवळा निवडत बसलेली असायची. मग मी ते आईला सांगायचं, आईने मला सांगायचं की "त्याला सांग, साकर संपली," आणि ते मी बाबाला पोचवायचं. दोघांचं कशावरून बिनसलं होतं ते मला कधी कळलं नाही. मला समजायला लागलं तोवर कारण विरून नुसती सवय उरली होती. मोठा भाऊ, दादा, तुर्भ्याच्या एका कंपनीत पाळीवर जायचा आणि घरी येऊन झोपायचा, म्हणून हे टपालखातं माझ्याकडे. नेरूळच्या खाडीकडच्या आमच्या गावात घरं एकमेकांना इतकी खेटून होती की शेजारच्या फोडणीचा ठसका आम्हाला लागायचा, त्यामुळे आमच्याकडचे निरोप अख्ख्या आळीला पाठ असत. जेवण मात्र बोलक्या घरांपेक्षा चांगलं होतं. तांदळाची भाकरी, खाडीच्या चिखलातल्या निवट्यांचं कालवण, काहीच नसलं तर सुका जवळा कांद्यावर परतून. बाबा दाराकडे पाठ करून जेवायचा आणि तो उठल्याशिवाय आई पान घ्यायची नाही. ह्याला कोणी मान समजू नये. तिला त्याचं तोंड बघत जेवायचं नसे.

बाबा माझ्याशी थेट बोलायचा तो फक्त होडीत, आणि तिथेही बहुतेक वेळा एकच शब्द. "सोर." सोर म्हणजे सोड; आमच्या बोलीत होडीची होरी होते आणि खाडीची खारी. होडी लहान होती, इंजिन नाही, एक डोलकाठी आणि एक शीड. बाबा सुकाणूवर बसायचा आणि शिडाचा दोर माझ्या हातात. वारा एकदम भरून आला की दोर सोडायचा, शीड मोकळं फडफडू द्यायचं, मग होडी सरळ राहते. धरून ठेवला तर होडी आडवी. बाबाच्या धाकट्या भावाने एकदा बिडी पेटवायला दोर खुंट्याला गुंडाळला होता, तेवढ्यात झपाटा आला, आणि काका तिसऱ्या दिवशी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडला. तेव्हापासून आमच्या होडीत दोर बांधायचा नाही, बोटाला गुंडाळायचा नाही, आणि वाऱ्याशी ताकद लावायची नाही. मी नऊ वर्षांची असल्यापासून हे शिकत आले. विचार करायला वेळ घेतला तर बाबा वल्ह्याचा दांडा माझ्या बोटांवर घालायचा. सांगून समजावणं वगैरे त्याच्या स्वभावात नव्हतं. उजव्या हाताची दोन पेरं अजून पावसाळ्यात ठणकतात, आणि ती ठणकली की मी अजून त्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवते. पण दादाला होडीत ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून ती दोराची जागा माझी झाली होती. गावात दुसऱ्या कुठल्या पोरीकडे दोर नव्हता. मला त्या जागेचा भयंकर माज होता.

मी सोळा-सतराची असताना जेटीच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये टॉवरमधल्या हौशी लोकांनी एक क्लब काढला आणि शिडाच्या फळ्या आणल्या. फळीवर उभं राहायचं, फळीला एक शीड जोडलेलं, शिडाला छातीच्या उंचीवर एक आडवा दांडा. त्याला ते बूम म्हणत. तो दोन्ही हातांनी धरायचा आणि वारा नेईल तसं जायचं. गावाने पहिले पंधरा दिवस फुकटचा तमाशा म्हणून बघितलं आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. तिथे शिकवणारे बर्वे सर, नोकरी संपवून नेरूळच्या सोसायटीत राहायला आलेले, तरातरा माझ्यापाशी आले. म्हणाले, "हसायला काय जातंय? उभी राहून दाखव." मी उभी राहिले, पडले, पुन्हा उभी राहिले. आठवड्याभरात त्यांच्या सोसायटीतली सगळी पोरं माझ्या मागे. त्यात माझी हुशारी काही नव्हती. वारा जोरात आला की ती पोरं घाबरून बूम घट्ट धरायची आणि शीड त्यांना उचलून पुढे आपटायचं. माझा हात आपोआप सैल व्हायचा. सरांनी मला शिडं धुण्याच्या बदल्यात फळी वापरू दिली आणि माझं नाव विचारायला महिना लावला. तोवर मी नुसती "ए गाव" होते. मीही त्यांचं धुतलेलं शीड मुद्दाम चिखलाच्या बाजूला वाळत घालायचे.

सरांकडे परदेशातून आलेली एक व्हिडिओ कॅसेट होती. शेडमध्ये टीव्ही आणून त्यांनी ती लावली. त्यात एक माणूस लाटेवरून फळीसकट उडाला, हवेतच शीड, फळी आणि तो असे सगळे मिळून पुढच्या बाजूला उलटे फिरले, आणि पाण्यावर येऊन तो पुढे चालू लागला. सर म्हणाले, "ह्याला फॉरवर्ड लूप म्हणतात. बघून ठेवा फक्त. उगाच टेन्शन घेऊ नका, इथे कोणाला जमणार नाहीये." हे ते सगळ्यांना म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे. निदान मला तसं वाटलं, आणि त्या वयात मला भांडायला तेवढं पुरायचं. आज भाचा मोबाइलवर अशा कोलांट्या सात बाजूंनी दाखवतो, मंद गतीत, कुठे हात, कुठे पाय. तेव्हा आम्ही ती कॅसेट मागे-पुढे करून करून तिच्यावर रेघा पाडल्या.

चार दिवसांनी होडीत बाबा एका शब्दापेक्षा जास्त बोलला. जेटीवर कोणीतरी माझं कोलांटीचं खूळ त्याच्या कानावर घातलं होतं.

"फलीवर काय नाचायचा तो नाच," तो सुकाणूकडे बघत म्हणाला. "पन हात बिघारलास तर ह्या होरीत पाय ठेवायचा नाय."

"हात कसा बिघरल?" मी विचारलं.

त्याने सुकाणू फिरवलं. मला वाटलं, हात मोडण्याबद्दल बोलतोय. मोडला तर बसेल, एवढाच विचार मी केला.

कोलांटीसाठी लाट हवी, आणि आमच्या खाडीत लाट अशी नसतेच. पण उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेला, दुपारी भरती फिरते आणि पाणी जोराने समुद्राकडे ओढलं जातं. त्याच वेळी वैशाख-ज्येष्ठातला वारा समुद्राकडून आत घुसतो. पाणी बाहेर, वारा आत. दोघांची टक्कर झाली की खाडीच्या मधोमध कमरेएवढ्या उभ्या लाटा तयार होतात, दोन-अडीच तास, बस. सर वर्तमानपत्रातला हवामानाचा रकाना वाचून यायचे आणि सपाट पाणी बघून चिडायचे. मला आईने तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला केव्हाच शिकवलं होतं. ते मी सरांना सांगितलं नाही. ज्या दिवशी लाट असे त्या दिवशी मी आधीच पाण्यात असायचे.

आणि पडायचे. लाटेवर वेगाने जायचं, फळी उडवायची, आणि हवेत असताना मागचा हात छातीशी ओढून शीड बंद करायचं, मान वळवून मागच्या खांद्यावरून पाठीमागे बघायचं. एवढं केलं की पुढचं काम वारा करतो, तो तुम्हाला अख्खं फिरवतो. मी उडायचे, अर्धी फिरायचे आणि पाठीवर सपाट आपटायचे. पाणी मऊ असतं असं म्हणणाऱ्याने एकदा तसं आपटून बघावं. श्वास जायचा, डोळ्यांपुढे काजवे, नाकातोंडात खाडीचं ते गढूळ, रॉकेलच्या वासाचं पाणी. घरी आल्यावर आई तेलात हळद गरम करून पाठीला चोळायची, तीही रागाने, भांडं घासल्यासारखी.

"कशाला पडतस गो एवरी?" ती विचारायची. "तुजा बापूस बोलतो ता खरा करायला?"

"तो काय बोलतो?"

"बोलतो, ती पोर वाऱ्याशी भांडाला गेली." मग हात पुन्हा तेलात बुडवून, "माज्याशी नाय बोलला. दादाला सांगत होता."

वैशाखातल्या पौर्णिमेच्या उधाणात सरांनी मला पकडलं. ते किनाऱ्यावर दुर्बीण लावून बसले होते आणि माझ्या एकामागून एक अकरा आपटण्या त्यांनी मोजल्या होत्या. मी फळी ओढत बाहेर आले तर म्हणाले, "तू सोडतेस."

"मी नाय सोडत."

"प्रत्येक वेळी सोडतेस. उडेपर्यंत परफेक्ट. वाऱ्याचा जोर लागला की तुझा मागचा हात उघडतो आणि शीड मोकळं होतं. मग फिरणार कशी? कोणी शिकवलं तुला असं सोडायला?"

"बापाने."

"मग बापाला विसर," सर म्हणाले आणि दुर्बीण पिशवीत घालून चालू लागले.

मला त्यांचा इतका राग आला की मी दगड उचलला होता. मारला नाही. राग ह्याचा होता की ते बरोबर होतं. ज्या सवयीवर मी सगळ्यांच्या पुढे होते तीच मला पाठीवर पाडत होती. एरवी जोर आला की सोडायचं. कोलांटीत जोर येईल तेव्हाच ओढायचं, आणि ते ओढणं विचार करून होत नाही, तेवढा वेळच नसतो. हातानेच करायला हवं. म्हणजे हातातून बाबाला काढायला हवं. हे मला स्पष्ट दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा आनंद झाला. नऊ वर्षांच्या पोरीच्या बोटांवर दांडा घालणाऱ्या माणसाला आपल्या हातातून हाकलायचं, ह्यात वाईट वाटण्यासारखं मला काही दिसेना.

मागच्या पडवीत आढ्यावरून मी एक दोर टाकला. एक टोक माझ्या हातात, दुसरं आईच्या. आई सूप घेऊन जवळा निवडायची आणि मध्येच, मला कळू न देता, दोराला हिसका द्यायची. हिसका लागला की मी सोडायचं नाही, छातीशी ओढायचं आणि मान मागे वळवायची. पहिल्या दिवशी शंभरातल्या शंभर वेळा दोर माझ्या हातातून सुटला. आई हसली नाही. तिने ते काम असं मनावर घेतलं की मला नवल वाटलं. हिसका देताना ती दात आवळून म्हणायची, "ओड. ओड आता." बाबाच्या एका शब्दासमोर तिने आपला एक शब्द उभा केला होता, असं आता वाटतं. ती मला शिकवत होती की त्याच्याशी भांडत होती कोण जाणे. दहाव्या-बाराव्या दिवशी हात वळायला लागला. झोपेतही वळायचा, मी पांघरूण छातीशी ओढून जागी व्हायचे.

एका दुपारी बाबा पडवीच्या दारात उभा होता. कधीपासून, माहीत नाही. आईने हिसका दिला, मी ओढलं, मान वळवली, आणि वळवलेल्या मानेसमोर तो. तो आत आला, स्टुलावर चढून आढ्यावरचा दोर काढला, नीट वेटोळं केलं आणि होडीत ठेवायला घेऊन गेला. आईने नवा दोर आणला.

अमावास्येला दुपारी अडीच वाजता मी खाडीच्या मधोमध होते. वारा असा की शीड हातात थरथरत होतं. समोरून एक उभी लाट आली, मी तिच्यावर फळी घातली, पाय वर खेचले, आणि जोर लागला त्या क्षणी हात छातीशी आला. मी आणला नाही, तो आला. मागे बघितलं तर आधी गावाची घरं उलटी, मग पाणी डोक्यावर, मग आकाश, आणि पाठीला काही लागायच्या आधीच फळी माझ्या पायांखाली पाण्यावर बसली. मी मागे कललेली, कमरेपर्यंत पाण्यात होते, शीड धरून, आणि शिडाने मला उचलून पुन्हा उभं केलं. मी ओरडले बिरडले नाही. शिवी दिली, बाबाला का सरांना ते आठवत नाही. मग आणखी चार कोलांट्या मारल्या, त्यातल्या तीन जमल्या. किनाऱ्यावर सर म्हणाले, "एका बाजूने जमतेय. दुसऱ्या बाजूने कर मग बोलू." पण त्या दिवशी त्यांनी शिडं स्वतः धुतली. आयुष्यात पुढे मी बऱ्याच ठिकाणी हेच शिकवून पोट भरलं, पुष्कळ जणांना फिरताना पाहिलं. त्या दुपारइतकं सुख मला पुन्हा कशात झालं नाही, नवरा-मुलं धरून.

पाचव्या दिवशी पहाटेनंतर बाबाबरोबर जाळी काढायला गेले. परतताना भरतीचं पाणी आत येत होतं, वारा बरा होता, टोपलीत कोळंबी आणि थोडी बोय मासळी. मी दोर धरून बसले होते आणि मनात दुसऱ्या बाजूच्या कोलांटीचा हिशेब चालू होता. खाडीवरच्या पुलाच्या बाजूने पाणी काळं होत आलेलं मला दिसलं. म्हणजे झपाटा येतोय, हे कळलंही.

"सोर," बाबा म्हणाला. मग ओरडला, "सोर गो."

मी ऐकलं. सोडायचं हेही मला माहीत होतं. वारा शिडात भरला, दोराला हिसका लागला, आणि माझा हात दोर घेऊन छातीशी आला, मान मागच्या खांद्यावरून वळली. वळलेल्या मानेने मी बाबाचा चेहरा पाहिला. तो माझ्या हाताकडे बघत होता. होडी आडवी झाली, शिडाची काठी त्याच्या खांद्यावर आली, आणि आम्ही पाण्यात.

कोणी मेलं नाही. मी त्याला धरलं, दोघांनी उपड्या होडीला धरलं, आणि भरतीने आम्हाला हळूहळू तिवरांच्या चिखलात नेऊन टाकलं. तासभर तरी गेला असेल. जाळी गेली, टोपली गेली. त्याचा डावा हात खांद्यातून लोंबत होता आणि तो ओठ चावत होता. तिथे निरोप पोचवायला तिसरं माणूस नव्हतं. मी "बाबा, मुद्दाम नाय केला" असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मला वाटलं, त्याने आधी काही बोलावं. शिवी चालली असती, थप्पड चालली असती. मांडीपर्यंतच्या चिखलातून आम्ही मागे-पुढे चालत गावात आलो.

हाडवैद्याने खांदा बसवला, आणि होडी गावातल्यांनी पुढच्या भरतीला ओढून आणली. तीन आठवडे बाबा ओट्यावर बसून होता आणि मी त्याच्यासमोरून रोज फळीकडे जात होते, मुद्दाम, ओट्यावरूनच वाट काढून. होडीतून मला काढल्याचं तो कधी जाहीर करतो ह्याची मी वाट बघत होते. उत्तर तयार करून ठेवलं होतं, चांगलं धारदार. ते वापरायची वेळ आली नाही. एका सकाळी बरा हात लावून, दादाला हाताशी घेऊन, त्याने होडीची डोलकाठी उपटली आणि आमच्या अंगणात पुरली, आईला कपडे वाळत घालायला. शीड लाकडांच्या ढिगावर टाकलं. खाडीतल्या सगळ्या होड्यांना एकतर इंजिन होतं नाहीतर शीड. आमच्या होडीला काहीच राहिलं नाही. शीड नाही म्हणजे दोर नाही, आणि दोर नाही म्हणजे दोर कोणाकडे हा प्रश्नच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आई माझ्या अंथरुणापाशी आली. "उठ," ती म्हणाली. "तो सांगतो, वल्ही दोन हायत."

दादा रातपाळीवर होता, म्हणजे तो आईशी थेट बोलला होता. हे माझ्या लक्षात आलं, आणि तरी मी कुशीवर वळले. ज्या होडीत मी दोर धरून मिरवले तिच्यात आता पाठ वाकवून वल्हं मारू? सगळ्या गावासमोर?

"त्याला सांग, मला नाय वल्हवायचा," मी म्हटलं.

आई हलली नाही. "तू सांग," ती म्हणाली. "मी नाय सांगनार ह्यो निरोप."

मी गेले नाही, आणि तो निरोप कोणीच दिला नाही. पाणी फिरेपर्यंत तो जेटीपाशी होडीत बसून होता, एक वल्हं समोरच्या फळीवर आडवं ठेवून. शेवटी ते त्याने उचललं आणि दोन्ही वल्ही घेऊन एकटाच निघाला. मी तोवर शेडपाशी आले होते. डाव्या खांद्यात जोर नसल्यामुळे होडी सारखी एका बाजूला वळत होती, तो थांबून ती सरळ करत होता, पुन्हा चार हात मारले की पुन्हा वळत होती. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतका तो जवळ होता. मी शीड जोडलं, फळी पाण्यात ढकलली आणि त्याच्यापासून लांब, दुसऱ्या बाजूने बाहेर पडले.